बार्शी रोडची कुर्डुवाडी

मुंबईहून सोलापूरकडे निघालेली आगगाडी दौंड मागें टाकून भीमेच्या खोऱ्यांतून पुढें जाऊं लागली म्हणजे दोहों बाजूंस काळ्या जमिनीचा सपाट मुलूख पसरलेला दिसतो. सोलापूर सुमारें पन्नास मैल उरलें असतां ती एका ऐसपैस स्टेशनांत येऊन उभी राहते. पाटीवर नांव असतें ‘कुर्डुवाडी जंक्शन’. या ठिकाणीं दूरदूरच्या लोकांना ओढून आणील असें देवस्थान नाहीं, लष्कराला उपयोगी पडेल असा किल्ला नाहीं, कीं व्यापाऱ्याला भुरळ पाडील अशी पुरातन बाजारपेठ नाहीं. माढें तालुक्यांतील कुर्डू या गांवाजवळची ही एक वाडी. तिचें शहर झालें तें केवळ रेल्वेमुळें. आणि त्यांतहि तेथें रेल्वे अखंड नव्हती, तुटलेली होती, यामुळें. हें विधान प्रथम ऐकणारास चमत्कारिक वाटेल. परंतु या स्टेशनाचा दीडशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास पाहिला म्हणजे त्यांतील सत्य पटल्यावांचून राहत नाहीं.

हिंदुस्थानांतील पहिली उतारूंची आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजीं मुंबईहून ठाण्याला गेली, हें सर्वश्रुत आहे. ती चालविणाऱ्या ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीची दृष्टि मात्र ठाण्यापुरती नव्हती. सह्याद्रि ओलांडून एक मार्ग ईशान्येकडे व दुसरा आग्नेयेकडे न्यावा, आणि हा दुसरा मार्ग पुणें, सोलापूर, रायचूर या दिशेनें जाऊन मद्रासकडून येणाऱ्या रेल्वेस मिळावा, असा बेत होता. १८५८ सालीं खंडाळा ते पुणें हा भाग सुरू झाला. १८५९ सालीं भीमाकांठच्या डिकसळापासून पुढचा तुकडा पुरा होऊन गाडी कुर्डुवाडीच्या माळावर आली. पुढच्याच वर्षीं, म्हणजे १८६० सालीं, ती मोहोळावरून सोलापुरास पोहोंचली, आणि १८७१ सालीं रायचुरास.

येथें एक गोष्ट ध्यानांत घेण्यासारखी आहे. १८५९ सालीं कुर्डुवाडीला गाडी आली खरी, पण ती मुंबईची गाडी नव्हती. बोरघाटांतील चढणीचा अवघड मार्ग पुरा होण्यास १८६२-६३ साल उजाडावें लागलें. तोंवर घाटाच्या माथ्यावर एक रेल्वे संपे व पायथ्याशीं दुसरी सुरू होई. मधल्या उतरणीवर माणसें पालखींतून, तट्टावरून किंवा गाडींतून जात आणि माल गाडीबैलांवर चढविला जाई. म्हणजे कुर्डुवाडीच्या स्टेशनाचा जन्मच मुळीं तुटलेल्या मार्गावर झाला. घाटांतला तो खंड चारपांच वर्षांत सांधला गेला. परंतु ज्या दुसऱ्या खंडानें कुर्डुवाडीचें भाग्य घडविलें तो शंभर वर्षें टिकला.

त्या वेळीं या स्टेशनाला कुर्डुवाडी हें नांवहि नव्हतें. त्याचें नांव होतें ‘बार्शी रोड’. स्टेशनांच्या नांवांतील ‘रोड’ या शब्दाचा अर्थ सरळ आहे. जें मोठें गांव रुळांपासून दूर राहिलें, त्या गांवाकडे जाणारी सडक जेथून फुटते तें त्या गांवाचें ‘रोड’. नाशिक रोड, अक्कलकोट रोड, लातूर रोड, जत रोड हीं नांवें याच जातीचीं. बार्शी हें गांव तेथून सुमारें २२ मैल दूर, बालाघाटाच्या बाजूला. कापूस, तेलबिया व धान्य यांची ती मोठी पेठ होती. तिच्या तिन्ही अंगांना निजामाच्या राज्याचा मुलूख पसरलेला असल्यामुळें तिकडील मालहि तेथेंच येऊन पडे. रेल्वेच्या दृष्टीनें महत्त्व होतें तें बार्शीला. ज्या वाडीच्या जमिनीवर स्टेशन उभें राहिलें तिचें नांव पाटीवर घालण्याचें कोणास कारण वाटलें नाहीं. पंढरपूरहि याच स्टेशनापासून सुमारें ३१ मैलांवर, दक्षिणेच्या बाजूस. असा दोन मोठ्या गांवांच्या मधोमध हा माळ पडला होता आणि तेथून एक वाट पेठेकडे व दुसरी विठ्ठलाकडे जात होती.

लोहमार्ग सोलापुरास पोहोंचला त्याच सुमारास अमेरिकेंत यादवी युद्ध पेटलें. १८६१ पासून १८६५ पर्यंत तिकडचा कापूस इंग्लंडांत जाणें जवळजवळ थांबलें आणि हिंदी कापसाला विलक्षण भाव आला. दख्खनच्या काळ्या जमिनींतील कापसाचे बोजे बैलगाड्यांवर लादून रेल्वेच्या स्टेशनांकडे धांवूं लागले. बार्शीच्या पेठेचा माल बार्शी रोडवर येई. पण २२ मैलांची ही वाट सोपी नव्हती. भरलेल्या गाडीला दीड-दोन दिवस लागत. पावसाळ्यांत काळ्या मातीचा चिखल झाला कीं चाकें आंसापर्यंत रुतत आणि हंगामाच्या हंगाम वाहतूक अडून राही. बार्शीहून स्टेशनापर्यंतचे हे २२ मैल पुढच्या शेंकडों मैलांच्या रेल्वे-प्रवासाहून अधिक कष्टाचे होते.

व्यापाऱ्याची अडचण ही पैशांची अडचण. दुष्काळांत तीच प्राणांची अडचण होते. १८७६ पासून १८७८ पर्यंत दख्खनमध्यें जो भयंकर दुष्काळ पडला त्यांत सोलापूर जिल्हा होरपळून निघाला. रेल्वेनें दूरचें धान्य स्टेशनांवर येऊं शकत होतें. परंतु तें आंतल्या गांवांपर्यंत न्यावें कोणीं? चाऱ्यापाण्यावांचून बैल मेलेले, आणि बैलाशिवाय गाडी चालत नाहीं. दुष्काळानंतर नेमलेल्या आयोगानें १८८० सालीं आपला अहवाल सादर केला. देशाचें दुष्काळापासून रक्षण करावयाचें तर आणखी सुमारें ५,००० मैलांची रेल्वे तांतडीनें बांधली पाहिजे, असें त्यांत सांगितलें होतें. मुख्य मार्ग झाले, आतां त्यांना मिळणारे लहान फांटे हवेत, हा विचार या काळांत बळावला. झाडाला खोड असून भागत नाहीं, मुळेंहि दूरवर पसरावीं लागतात, असा तो विचार होता.

हा विचार कुर्डुवाडीच्या बाबतींत प्रत्यक्षांत आणण्याची खटपट एका इंग्रज यंत्रज्ञानें केली. त्याचें नांव एव्हरार्ड कॅलथ्रॉप. १८८२ सालीं तो ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेंत एंजिनांचा निरीक्षक म्हणून हिंदुस्थानांत आला. बार्शी रोडपासून बार्शीपर्यंत लहान रेल्वे बांधावी, ही कल्पना त्यानें १८८७ सालीं पुढें मांडली. तीसाठीं भांडवल जमविणें, सरकारची परवानगी मिळविणें आणि मोठ्या रेल्वेशीं करार करणें यांत आठ वर्षें गेलीं. अखेर १८९५ सालीं लंडन येथें ‘बार्शी लाइट रेल्वे कंपनी’ स्थापन झाली आणि कॅलथ्रॉप तिचा सल्लागार यंत्रज्ञ झाला.

‘लाइट’ म्हणजे हलकी. हें नांव नुसतें शोभेचें नव्हतें, त्यांत त्या रेल्वेचें सर्व शास्त्र सांठविलें होतें. मुख्य मार्गाच्या दोन रुळांमधील अंतर साडेपांच फूट. बार्शीच्या रेल्वेचें अडीच फूट. रूळ अगदीं हलके, वाराला ३० पौंड वजनाचे. अशा रुळांवरून पुष्कळ माल न्यावयाचा तर काय केलें पाहिजे? कॅलथ्रॉपचें उत्तर असें होतें कीं, ओझें सर्व आंसांवर सारखें वांटून द्यावें. एंजिन असो कीं डबा असो, कोणत्याहि एका आंसावर ५ टनांहून अधिक भार पडूं नये. एंजिन जड हवें, पण त्याचा भार रुळांना सोसावा, म्हणून त्याला एकत्र जोडलेलीं आठ चाकें व त्यांमागें आणखी चार चाकें लावलीं. हीं एंजिनें इंग्लंडांतील लीड्स शहरीं किट्सनच्या कारखान्यांत तयार झालीं. मालाच्या वाघिणी दाबून घडविलेल्या पोलादी पत्र्याच्या, पंचवीस फूट लांबीच्या, आणि चारचार चाकांच्या दोन फिरत्या गाड्यांवर बसविलेल्या होत्या. त्यामुळें त्या वजनाला हलक्या असूनहि पुष्कळ माल घेत आणि आखूड वळणांवर सहज वळत. हलक्या रुळांवर जड काम करून दाखविणारी ही रेल्वे पुढें हिंदुस्थानांतील लहान रेल्व्यांना कित्ता झाली. कॅलथ्रॉप मायदेशीं परतला तो बार्शीचा अनुभव गांठीं बांधून. इंग्लंडांतील मॅनिफोल्ड नदीच्या खोऱ्यांत १९०४ सालीं जी लहान रेल्वे उघडली तिचा यंत्रज्ञ तोच होता. तिचीं एंजिनें बार्शीच्या एंजिनांच्या धर्तीवर, त्याच किट्सनच्या कारखान्यांत बनविलेलीं होतीं. पुढें वैमानिकांच्या हवाई छत्रीच्या शोधासाठींहि त्याचें नांव झालें. तो १९२७ सालीं वारला.

बार्शी रोड ते बार्शी हा फांटा मार्च १८९७ मध्यें सुरू झाला. तें साल मोठें कठीण होतें. मुंबईंत १८९६ च्या पावसाळ्याअखेर प्लेगनें पाय ठेवला होता व १८९७ च्या आरंभीं तो पुण्यांत थैमान घालीत होता. दख्खनवर पुन्हां दुष्काळाची छाया पडली होती. अशा वेळीं ही चिमुकली गाडी माळरानावरून शिटी वाजवीत धांवूं लागली. वीस वर्षांपूर्वीं बैल मेल्यामुळें जें धान्य स्टेशनावर अडून पडावयाचें, त्याला आतां निदान बार्शीपर्यंत वाट झाली होती. जी वाट चालून जाण्यास बैलांना दीड-दोन दिवस लागत, ती आतां कांहीं तासांची झाली.

आणि त्या दिवशीं बार्शी रोड हें साधें स्टेशन न राहतां जंक्शन झालें.

यानंतरची वाढ तीस वर्षांत झाली. १९०६ सालीं दक्षिणेकडे पंढरपूरपर्यंत रूळ गेले. त्याच सुमारास बार्शीच्या पुढें तडवळ्यापर्यंत मार्ग वाढला आणि १९११ सालीं तो लातुरास पोहोंचला. १९२७ सालीं पंढरपूरचा फांटा सांगोल्यावरून मिरजेस जाऊन मिळाला. आतां मिरज ते लातूर अशी २०२ मैलांची अडीच फुटी रेल्वे झाली, आणि तिच्या मधोमध मोठ्या रेल्वेला छेदणारें कुर्डुवाडी जंक्शन.

श्रोत्यांनीं त्या काळचा नकाशा डोळ्यांपुढें आणावा. हे २०२ मैल एका राज्यांतून जात नव्हते. कुर्डुवाडी, बार्शी, पंढरपूर हीं इंग्रजी अमलांतील गांवें. तडवळें व लातूर निजामाच्या राज्यांत. दुसऱ्या टोंकाला जत, सांगली व मिरज हीं संस्थानें. बार्शीहून लातुराकडे जाणारी गाडी निजामाच्या हद्दींत शिरली कीं नाणें बदले. तेथें हाली शिक्का चाले. माल असेल तर करोडगिरीच्या नाक्यावर जकात भरावी लागे. मिरजेस पोहोंचल्यावर आणखी एक अडचण होती. तेथील मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेचे रूळ साडेपांच फुटांचे नव्हते आणि अडीच फुटांचेहि नव्हते. ते मीटर मापाचे होते. अशा रीतीनें एकाच भाषेच्या मुलुखांत तीन राजवटी, दोन नाणीं आणि तीन मापांचे रूळ नांदत होते. या सगळ्या भिन्नतेचा सांधा जेथें जेथें येई, तेथें माणसाला व मालाला थांबावें लागे. कुर्डुवाडी हें त्यांपैकीं सर्वांत मोठें थांबण्याचें ठिकाण.

थांबणें म्हणजे काय, हें मालाच्या बाबतींत पाहूं गेल्यास सहज समजतें. लातुरास भरलेली तेलबियांची वाघीण कुर्डुवाडीला आली कीं तिचा प्रवास संपला. तिचीं चाकें मोठ्या रुळांवर चालूं शकत नाहींत. मग मालधक्क्याच्या एका अंगाला अडीच फुटी वाघीण व दुसऱ्या अंगाला साडेपांच फुटी वाघीण उभी करावयाची, आणि पोतें न् पोतें उचलून इकडून तिकडे टाकावयाचें. कापसाची गांठ असो, ज्वारीचें पोतें असो, गुळाची ढेप असो कीं मुंबईहून आलेली घासलेटाच्या डब्यांची पेटी असो, सर्वांना हा विधि चुकत नसे. मॅनिफोल्डच्या खोऱ्यांत कॅलथ्रॉपनें या त्रासावर उपाय योजला होता. मोठ्या रेल्वेची वाघीण जशीच्या तशी लहान रेल्वेच्या गाड्यावर चढवून न्यावी, म्हणजे माल उतरावयास नको. कुर्डुवाडीला मात्र ही अदलाबदल मुख्यतः माणसांच्या पाठीवरून होई.

लहान रेल्वेच्या पुरस्कर्त्यांचें म्हणणें असें कीं, ही अदलाबदल करण्याचा खर्च बैलगाडीच्या भाड्याच्या मानानें क्षुल्लक आहे, आणि मोठ्या मापाचा मार्ग बांधण्याच्या खर्चाच्या मानानें तर कांहींच नाहीं. हिशेबाच्या वहींत हें खरें होतें. पण पोतें फाटणें, माल भिजणें, वाघीण वेळेवर न मिळाल्यामुळें धक्क्यावर ढीग पडून राहणें, हा भुर्दंड त्या वहींत कोठें मांडावयाचा? तो शेतकऱ्याच्या पदरांत पडे. कारण पेठेंतला व्यापारी भाव ठरवितांना त्याची वजावट आधींच करून घेई.

तथापि याच अडचणीनें कुर्डुवाडीला अन्न दिलें. माल उचलावयाला हमाल हवे होते. आसपासच्या कोरडवाहू खेड्यांतून, पावसानें दगा दिला कीं माणसें तेथें येत आणि धक्क्यावर कामास लागत. दोन रेल्व्या म्हणजे दोन स्टेशनांचा कारभार. त्यामुळें मास्तर, कारकून, गार्ड, ड्रायव्हर, आगवाले, सांधेवाले, रुळांची देखभाल करणाऱ्या टोळ्या अशी वस्ती वाढली. लहान रेल्वेचीं एंजिनें व डबे दुरुस्त करण्याचा कारखाना येथेंच झाला, आणि लोहार, सुतार, कांतारी यांना पिढ्यान्‌पिढ्या पुरेल असा धंदा मिळाला. गाडी बदलणाऱ्या उतारूंना तासन्‌तास थांबावें लागे. त्यांच्यासाठीं चहाचीं दुकानें, खानावळी व धर्मशाळा आल्या. शेतकऱ्याला जो खोळंबा, तो या वस्तीला उदरनिर्वाह. वाडीचें गांव झालें, गांवाचें शहर झालें, आणि ‘बार्शी रोड’ हें परक्याचें नांव मागें पडून पाटीवर ‘कुर्डुवाडी’ आलें. स्टेशनाला स्वतःचें नांव मिळण्यास अशी कित्येक वर्षें लागलीं.

या जंक्शनाचें खरें स्वरूप पाहावयाचें तर तें आषाढी-कार्तिकीच्या दिवसांत. पंढरपूरची वारी ही पायांनीं करावयाची, आणि ज्ञानोबा-तुकारामांच्या पालख्यांबरोबर ती आजहि तशीच चालते. पण ज्यांना पायीं येणें शक्य नव्हतें त्यांना रेल्वेनें वाट करून दिली; आणि जे पायीं आले त्यांतील अनेक जण परततांना गाडीनें परतूं लागले. १८७८ सालीं दौंड-मनमाड हा मार्ग झाल्यावर खानदेश व वऱ्हाडकडील यात्रेकरू मनमाड-दौंडवरून कुर्डुवाडीला येत. १९०६ पर्यंत त्यांना तेथून पुढें ३१ मैल गाडीनें किंवा पायीं जावें लागे. त्यानंतर अडीच फुटी गाडीनें. १९२७ पासून कोल्हापूर व बेळगांवकडील मंडळी मिरजेवरून थेट पंढरपुरास जाऊं लागली. एकादशीच्या आधींचे चार दिवस कुर्डुवाडीच्या फलाटावर पाय ठेवावयास जागा नसे. टाळ-मृदंगाचा आवाज आणि एंजिनाची शिटी एकमेकींत मिसळून जात.

या चित्राची दुसरी बाजूहि सांगितली पाहिजे. लहान डबे यात्रेला पुरत नसत. त्या काळीं हिंदुस्थानांतील रेल्व्या यात्रेच्या हंगामांत मालाच्या वाघिणींतून माणसें नेत. ज्यांत जनावरें व पोतीं भरावयाचीं त्यांत बायामुलें दाटीवाटीनें उभीं राहत. यात्रेबरोबर पटकीची सांथ येई आणि परतणाऱ्या उतारूंबरोबर ती दूरच्या खेड्यांत जाई. पूर्वीं पायीं परतणाऱ्या वारकऱ्याबरोबर ती हळूहळू जात असे. रेल्वेनें तिचाहि वेग वाढविला. यात्रेच्या ठिकाणीं पाणी, स्वच्छता व तपासणी यांची व्यवस्था करण्याकडे सरकारला लक्ष द्यावें लागलें, त्याचें हें एक मोठें कारण होतें. तिसऱ्या वर्गाच्या उतारूकडून रेल्वेला सर्वांत अधिक उत्पन्न, आणि त्याच्याच सोयीकडे सर्वांत कमी लक्ष, ही तक्रार त्या काळांत देशभर होत होती. कुर्डुवाडीच्या फलाटावर ती दरवर्षीं डोळ्यांनीं दिसत होती.

बार्शी लाइट रेल्वे ही लंडनची कंपनी होती, ही गोष्टहि विसरून चालणार नाहीं. तिचे रूळ, एंजिनें व वाघिणी विलायतेहून आलेल्या, आणि नफ्याची वाटहि तिकडेच जाणारी. एकोणिसाव्या शतकांत दादाभाई नौरोजी व गणेश व्यंकटेश जोशी यांसारख्या अर्थचिंतकांनीं रेल्वेवरील खर्च व कंपन्यांना दिलेली नफ्याची हमी यांची कठोर चिकित्सा केली. देशाला रेल्वे नको असें त्यांचें म्हणणें नव्हतें. ती कोणाच्या सोयीसाठीं, कोणाच्या पैशानें आणि पाटबंधाऱ्यांसारख्या गरजा मागें ठेवून बांधली जाते, हा त्यांचा प्रश्न होता. सोलापूरसारख्या अवर्षणाच्या जिल्ह्यांत या प्रश्नाला विशेष धार होती. कारण तेथें धान्य आणणारी रेल्वे होती, पण धान्य पिकविणारें पाणी नव्हतें.

मोठी रेल्वे १९२५ सालीं सरकारच्या हातीं आली. बार्शीची कंपनी मात्र स्वातंत्र्यानंतरहि कांहीं वर्षें टिकली. १९४८ च्या सप्टेंबरांत हैदराबाद संस्थान भारतांत आलें आणि लातुराकडे जाणाऱ्या गाडीच्या वाटेंतील राज्याची सरहद्द पुसली गेली. १ जानेवारी १९५४ रोजीं भारत सरकारनें बार्शी लाइट रेल्वे विकत घेतली व ती मध्य रेल्वेचा भाग झाली. राजवटी एक झाल्या, नाणें एक झालें. रुळांचें माप तेवढें निराळें राहिलें.

यापुढें लहान गाडीला नवा प्रतिस्पर्धी भेटला. १९४८ सालीं राज्य परिवहनाची मोटार सुरू झाली आणि हळूहळू ती प्रत्येक तालुक्यांत पोहोंचली. बार्शीहून निघालेली मोटार कोठेंहि न बदलतां पुण्याला जाऊं लागली. मालमोटार तर शेताच्या बांधावरून पोतें उचलून थेट मुंबईच्या गुदामांत नेऊन टाकूं लागली. ज्या गाडीनें बैलगाडीला हरविलें होतें, ती आतां संथपणासाठीं थट्टेचा विषय झाली. एके काळीं दीड दिवस वांचविणारी ती, आतां चार तास खाणारी वाटूं लागली. गाडी तीच होती, तिच्याभोंवतालचा काळ बदलला होता.

१९९२ सालीं देशांतील रेल्वे एकाच मापाची करण्याचें धोरण ठरलें. त्याप्रमाणें २००१-०२ च्या सुमारास कुर्डुवाडी ते पंढरपूर हा मार्ग साडेपांच फुटी झाला. लातूरकडील मार्गाचें काम २००७-०८ मध्यें पुरें झालें. या वेळीं तो धाराशिव शहरास स्पर्श करील असा वळविण्यांत आला, आणि जिल्ह्याचें ठिकाण असूनहि आजवर रेल्वेपासून वंचित राहिलेल्या त्या शहराला प्रथमच स्टेशन मिळालें. पंढरपूर ते मिरज हा शेवटचा भाग २०१०-११ च्या सुमारास रुंद झाला. कॅलथ्रॉपनें आखलेले अडीच फुटी रूळ एका शतकाहून अधिक काळ सेवा करून उखडले गेले. लातूरचा उतारू कुर्डुवाडीला न उतरतां झोपेंतच मुंबईला पोहोंचूं लागला.

या बदलाचें मोल कसें करावें? लातूर, धाराशिव, बार्शी व पंढरपूर यांचा लाभ झाला, यांत शंका नाहीं. माल एकदां भरला कीं तो देशाच्या कोणत्याहि कोपऱ्यांत जाऊं शकतो. २८ डिसेंबर २०२० रोजीं शंभरावी किसान रेल्वे सांगोल्याहून पश्चिम बंगालमधील शालिमारकडे निघाली. सांगोलें हें जुन्या अडीच फुटी मार्गावरचेंच गांव. फळें व भाजीपाला असा नाशवंत माल धक्क्यावर उतरून पुन्हां भरावा लागता, तर इतक्या दूर तो कधींच जाता ना. १८८७ सालीं मांडलेली कल्पना, म्हणजे आंतल्या मुलखाला मुख्य मार्गाशीं जोडावें, ही याहून अधिक पूर्णपणें क्वचितच सिद्ध झाली असेल.

परंतु कुर्डुवाडीचा हिशेब वेगळा आहे. जी वस्ती थांबण्यावर जगली, तिला आतां न थांबणाऱ्यांच्या काळांत जगावयाचें आहे. धक्क्यावरच्या हमालाचें काम रुळांच्या एका मापानें संपविलें. त्यानें कोणताहि अपराध केला नव्हता. देशाच्या सोयीची किंमत त्याच्या वांट्याला आली, एवढेंच. लहान रेल्वेचा कारखाना मात्र बंद पडला नाहीं. ज्या हातांना अडीच फुटी गाड्यांची नस ठाऊक होती, त्यांच्याकडे माथेरानच्या दोन फुटी गाडीचे डबे व एंजिनेंहि दुरुस्तीला येऊं लागलीं. आषाढीच्या विशेष गाड्या आजहि या स्टेशनावरून जातात आणि ‘पुंडलीक वरदा’चा गजर आजहि त्या फलाटावर होतो. जंक्शन अजून जंक्शनच आहे. चार दिशांच्या गाड्या तेथें येतात; फक्त त्यांतील बहुतेक माणसें आतां खालीं उतरत नाहींत.

इतिहासांत राजधान्यांचीं व रणभूमींचीं वर्णनें पुष्कळ असतात. जेथें लाखों सामान्य लोकांनीं गांठोडें उशाला घेऊन पुढच्या गाडीची वाट पाहत रात्री काढल्या, अशा स्टेशनांचीं वर्णनें फारशीं नसतात. कुर्डुवाडीच्या धक्क्यावरून बार्शीचा कापूस गेला, लातूरचें धान्य गेलें, वारकऱ्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्या, आणि तें सर्व इकडून तिकडे नेणारे हात त्याच मातींत राहिले. आतां वातानुकूल डब्यांत बसून त्या बाजूनें जाणाऱ्या उतारूनें पाटीवरचें नांव वाचतांना इतकें जरी आठवलें कीं, ही आपली न तुटणारी वाट एके काळीं येथें माणसांच्या पाठींनीं सांधली होती, तरी त्या हातांचें थोडें ऋण फिटल्यासारखें होईल.